मस्करी आणि कुस्करी



उन्हाळ्यातली एक संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. गाव आपले शिरूर कासार. घोडनदीचे शिरूर नव्हे, बीड जिल्ह्यातले, सिंदफणेकाठचे. नदी रोडावली आहे, ऊन कलले आहे आणि गावाबाहेरच्या मोकळ्या रानात पोरांचा फुटबॉल चालला आहे. गोल म्हणजे दोन्ही बाजूंना ठेवलेले दोन-दोन दगड. त्यांतल्या एका गोलात एक उंच, सडपातळ पोरगा उभा आहे. समोरून एकाने चेंडू मारला. तोही जोरात नव्हे, लोळत. चेंडू आला आणि या गड्याच्या दोन्ही पायांमधून सरळ मागे निघून गेला.

झाले! सगळ्या रानात हशा पिकला. 'अरं, दार उघडं टाकून कुढं गेला व्हतास?' एकजण ओरडला. दुसरा म्हणाला, 'बोलू नका त्याला, त्यानं पाहुण्याला वाट दिली.' तिसऱ्याने तोड सुचवली, 'उद्यापासून त्याला आज्याचं धोतर नेसवा, म्हंजी चेंडू सोग्यात तरी अडकंल!' गोलातला पोरगा आधी ओशाळला, मग हसला आणि म्हणाला, 'तुमी समदे म्होरं उभं राहून झोपा काढता, म्या एकट्यानंच जागायचं का?' पुन्हा हशा. चेंडू मध्यावर गेला, खेळ पुढे सुरू झाला.

आता हेच चित्र पुन्हा आणा आणि एक वाक्य तेवढे बदला. चेंडू पायांमधून गेल्यावर कुणी तरी म्हणतो, 'ऊस तोडायला बरा वाकतूस, अन् चेंडू आला की ताठ!' अर्धे हसतात. अर्धे खाली पाहतात. गोलातला पोरगाही हसतो, पण उत्तर देत नाही. दुसऱ्या दिवशी तो खेळायला येत नाही. तिसऱ्या दिवशीही येत नाही.

चेंडू तोच, चूक तीच, हशाही जवळजवळ तेवढाच. मग पहिल्या वेळी गडी टिकला आणि दुसऱ्या वेळी का गेला? आज एवढ्याच प्रश्नाचा विचार आपण करणार आहोत.

फुटबॉल हा काही आपल्या भागाचा मुळातला खेळ नव्हे. आपल्याकडे मान कुस्तीला, कबड्डीला, खो-खोला. आणि सुट्टीच्या दिवशी राज्य क्रिकेटचे. पण ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक फुटबॉल स्पर्धा भारतात झाली, तिचे काही सामने नवी मुंबईत होते. त्या निमित्ताने राज्य सरकारने १५ सप्टेंबर २०१७ रोजी दहा लाख मुलांना मैदानावर उतरवण्याचा उपक्रम केला आणि शाळाशाळांना फुटबॉल दिले. खेडोपाडी चेंडू पोचला तो असा. दुसरी एक वाट आहे, ती आपल्या भागाची खास, तिच्याकडे मी पुढे येतोच. असो. दहा-पंधरा पोरे, एक चेंडू आणि रोजची ठरलेली वेळ, एवढे जमले की क्लब झाला. फलक, नोंदणी, गणवेश हे मागाहून. आणि क्लब झाला की थट्टा आलीच.

ती का येते, हे आधी पाहू. पुष्कळ शिक्षकांना वाटते की पोरे उनाड म्हणून एकमेकांची टर उडवतात. मला ते पटत नाही. आपल्या घरातच पाहा ना. भावजयीने दिराची थट्टा करावी, मेहुणीने भावोजींचे जोडे लपवावेत, नातवाने आजोबांच्या कवळीवरून बोलावे, हे सारे आपल्याकडे चालते. नव्हे, केले नाही तर 'काय झालं, रुसला का?' म्हणून विचारतात. पण सुनेने सासऱ्याची तशी थट्टा केली तर घर हादरेल. म्हणजे थट्टेलाही नाती ठरलेली आहेत. रॅडक्लिफ-ब्राऊन नावाच्या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने १९४० साली या थट्टेच्या नात्यांवर एक निबंध लिहिला. आफ्रिकेतल्या आणि इतर देशांतल्या चालीरीती तपासून त्याने सांगितले की, या नात्यात एकाला दुसऱ्याची चेष्टा करण्याची मुभा असते, कुठे कुठे ते त्याचे कर्तव्यच असते. आणि दुसऱ्याने राग मानायचा नाही, हाही नियमच असतो.

हे नाते जुळते कुणात? जिथे जवळीक हवी असते आणि खटका उडण्याचे कारणही असते, तिथे. लग्नाने दोन घरे जोडली जातात, पण देण्याघेण्यावरून, मानपानावरून ती भांडूही शकतात. मग मेहुणा-भावोजींनी रोजच लटके भांडावे, म्हणजे खरे भांडण दूर राहते. वाफ थोडी थोडी सुटत राहिली की भांडे फुटत नाही.

आता हेच मोजमाप क्लबाला लावून पाहा. अकरा गड्यांनी एकजीव होऊन खेळायचे. पण मैदानात जागा अकराच आणि येणारी पोरे पंधरा. पुढे खेळायचे सगळ्यांनाच, गोलात उभे राहायचे कुणालाच नाही. प्रत्येकाला दुसऱ्याची गरज आणि प्रत्येकाशी थोडी चढाओढ. हे मेहुण्या-भावोजींचेच नाते झाले! म्हणून तिथे थट्टा उगवते. ती बंद करा म्हणणारे गुरुजी झाकण घट्ट दाबतात आणि खालचा जाळ तसाच ठेवतात.

थट्टेचा सर्वांत मोठा वाटेकरी म्हणजे गोलकीपर, पोरांच्या भाषेत गोलकी. त्याचेही कारण आहे. पुढे खेळणाऱ्याने दहा वेळा चेंडू बाहेर मारला आणि अकराव्यांदा गोल केला, तर दहा विसरले जातात. गोलकीने दहा अडवले आणि अकरावा सुटला, तर तो अकरावाच लक्षात राहतो. नियमाप्रमाणे गोल असतो चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच. एवढे दार एकट्याने राखायचे. मोठ्या मैदानावर निदान खांब आणि आडवी दांडी तरी असते. आपल्याकडे दगडांवरून हवेत गेलेला चेंडू आत की बाहेर, यावरच अर्धा तास वाद. चूक उघड, सगळ्यांच्या समोर आणि एकट्याची. अशा जागी उभ्या असलेल्या माणसाला हसून घेतले नाही तर सगळे त्याच्यावर चिडतील. 'दार उघडं टाकून कुढं गेला व्हतास' या वाक्यात राग आहेच, पण तो हशात विरघळवून दिला आहे. गड्याला कळते की चूक दिसली, ती मोजली गेली आणि ती माफही झाली. तिन्ही गोष्टी एका दमात. एखादा समजूतदार कप्तान पाच मिनिटांचे भाषण करून जे साधणार नाही, ते त्या एका वाक्याने साधते.

मग ऊस तोडण्याचे वाक्य कुठे चुकले? तेही विनोदीच होते. खरे सांगायचे तर धोतराच्या विनोदापेक्षा ते अधिक धारदार होते, म्हणून तर चटकन हशा आला.

आपल्या भाषेने या बाबतीत फार बारकाईने काम केले आहे. थट्टा, मस्करी, चेष्टा, फिरकी, टिंगल, टवाळी, कुचेष्टा, हेटाळणी. हे शब्द एकाच अर्थाचे नव्हेत, ती उतरती पायऱ्यांची वाट आहे. फिरकी घेतली तर ज्याची घेतली तोही मजेत असतो. टिंगलीत तो एकटा पडू लागतो. हेटाळणीत त्याला बाहेर काढलेले असते. आणि या पायऱ्या उतरताना पाय कुठे घसरला ते घसरणाऱ्याला कळत नाही, म्हणून म्हण झाली की मस्करीची कुस्करी होते. जस्टिन क्रुगर या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००६ साली या गोष्टीचा प्रयोगांनी अभ्यास केला. थट्टा करणाऱ्याला आपला हेतू आतून ठाऊक असतो, म्हणून त्याला ती गोड वाटते. ज्याची केली त्याला हेतू दिसत नाही, त्याच्या कानावर नुसते शब्द पडतात, असे त्यांना आढळले. 'मी तर गंमत केली' असे म्हणणारा पोरगा बहुधा खोटे बोलत नसतो. पण त्यामुळे समोरच्याचे दुखणे कमी होत नाही.

तेव्हा शब्दांकडेच पाहू. 'दार उघडं' हा विनोद गड्याने आत्ता केलेल्या कृतीवर आहे. उद्या त्याने चेंडू अडवला की विनोद शिळा झाला. शिवाय त्याला उत्तर आहे, 'तुमी म्होरं झोपा काढता'. थट्टा ही आहेरासारखी असते. आज तुम्ही दिला, उद्या आम्ही देऊ. ज्या थट्टेची परतफेड करता येते ती नाते वाढवते. उसाच्या वाक्याला मात्र परतफेड नाही. कारण ते चेंडूवर नाही, त्याच्या बापाच्या कोयत्यावर आहे. उद्या त्याने दहा चेंडू अडवले तरी बापाचा कोयता तोच राहणार. एखाद्याचा रंग, एखाद्याचे बोबडे बोलणे, पायातला अधूपणा, घरची गरिबी, यांवरच्या बोलण्याचे असेच असते. जातीवरून बोलणे तर या यादीतही बसत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला जाणूनबुजून चारचौघांत हिणवणे हा १९८९ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आणि इथे आपल्या शिरूर कासारची गोष्ट वेगळी होते. शिरूर, पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूर या सगळ्या पट्ट्यातून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरलेला असतो आणि बिऱ्हाड सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर किंवा थेट कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडावर जाते. परत येणे मार्च-एप्रिलात. लहान मुले कुठे आजी-आजोबांपाशी राहतात, कुठे हंगामी वसतिगृहात, आणि कितीतरी आई-बापांबरोबर कोपीवर जातात. थोराड मुलगा असेल तर त्याच्या हातातही कोयता येतो. म्हणजे आपल्या क्लबातली अर्धी पोरे वर्षातले पाच-सहा महिने मैदानावर नसतात. जो संघ दसऱ्याला जमून आलेला असतो, तो दिवाळीनंतर मोडतो आणि चैत्रात पुन्हा जुळवावा लागतो.

मघाशी मी दुसरी वाट म्हटली ती हीच. कोल्हापूरकडे टोळी गेली की पोराच्या कानावर फुटबॉल पडतोच. ते गावच फुटबॉलवेडे. कुस्तीच्या तालमींच्या नावानेच तिथे फुटबॉलचे संघ आहेत, पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. सामने शाहू स्टेडियमवर आणि चर्चा कट्ट्याकट्ट्यांवर. जागतिक स्पर्धा आली की गल्लीत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात. आपला पोरगा फडावरून पेठेत बाजाराला गेला तरी चार गोष्टी डोळ्यांत भरून आणतो. परत येतो तेव्हा त्याचे तळहात घट्ट्यांनी राठ झालेले असतात, शाळेचे दोन-तीन धडे हुकलेले असतात आणि चेंडूवरचा पाय बिचकलेला असतो. पहिल्या दिवशी तो मैदानाच्या कडेला येऊन उभा राहतो. आत यावे की नाही, हे त्याला ठरवता येत नाही. तो पहिल्या वाक्याची वाट पाहत असतो. आपली जागा आहे की गेली, हे त्याला त्या वाक्यावरून कळणार असते.

कुणीच काही बोलले नाही, तर त्याला परका झाल्यासारखे वाटते. हे ध्यानात घ्या, कारण भिडस्त शिक्षक इथेच चुकतात. 'त्याला काही बोलू नका रे, बिचारा फडावरून आलाय' असे म्हटले की 'बिचारा' हा शब्द कोयत्यासारखाच लागतो. ज्याची थट्टा होत नाही तो गडी नव्हे, तो पाहुणा.

टोपणनावांचेही असेच दुधारी आहे. आपल्याकडे एकही संघ असा नसेल की ज्यात सगळे हजेरीपटावरच्या नावांनी ओळखले जातात. ब्राझील देशात तर ही रीत आपल्याहून जास्त. जगाला पेले म्हणून ठाऊक असलेल्या खेळाडूचे खरे नाव एडसन. त्याचे वडीलही फुटबॉल खेळत आणि त्यांच्या संघाच्या गोलकीचे नाव होते बिले. छोट्या एडसनला ते नीट म्हणता येईना, म्हणून शाळेतली पोरे त्यालाच पेले म्हणून चिडवू लागली. पेलेने आपल्या आत्मकथनात लिहिले आहे की हे नाव त्याला मुळीच आवडत नव्हते. एका वर्गमित्राला त्याने त्यापायी ठोसा मारला आणि शाळेतून दोन दिवस घरी बसला. पुढे त्याच नावाने त्याने १९५८, १९६२ आणि १९७० असे तीन जागतिक विजय पाहिले. त्याचा सोबती गारिंचा. हे एका चिमुकल्या पाखराचे नाव. गड्याचे दोन्ही पाय वाकडे आणि एक दुसऱ्याहून आखूड. पण ते दोघे एकत्र खेळले तेव्हा ब्राझील एकदाही हरला नाही.

यावरून कुणी म्हणेल, पाहा, चिडवले म्हणून काही बिघडत नाही. थांबा. त्याच ब्राझीलमध्ये बार्बोसा नावाचा गोलकी होऊन गेला. १६ जुलै १९५० रोजी रिओ शहरातल्या माराकाना मैदानावर, पावणेदोन लाखांहून अधिक लोकांसमोर, ब्राझील उरुग्वेकडून दोन विरुद्ध एक गोलने हरला. शेवटचा गोल बार्बोसाच्या बाजूने गेला. त्याला लोकांनी जन्मभर सोडले नाही. वीस वर्षांनी बाजारात एका बाईने आपल्या मुलाला बोट करून दाखवले की, सगळ्या देशाला रडवणारा माणूस तो हा. ब्राझीलमध्ये कोणत्याही गुन्ह्याला तीस वर्षांहून जास्त शिक्षा नाही, पण माझी पन्नास वर्षांची झाली, असे तो म्हातारपणी म्हणे. २००० साली तो वारला. पेलेच्या नावातली खोच त्याच्या खेळाने बोथट झाली. बार्बोसाला ते भाग्य लाभले नाही. त्याला बोलणारे लोक त्याच्या संघातले नव्हते, त्यांच्याबरोबर त्याला उद्या पुन्हा खेळायचे नव्हते, मग परतफेड कुठून करणार?

आपल्या परंपरेत यापेक्षा सुरेख दाखला आहे. तुकोबांच्या गाथेत चेंडूफळी, विटीदांडू, हमामा अशा खेळांवर अभंग आहेत. गोपाळांचा मेळा हा शेवटी खेळगड्यांचा मेळाच. त्यातला पेंद्या आठवा. गवळणीत लंगडत येतो, बोलायला भोळा, सगळे त्याची फिरकी घेतात. पण तोही कमी नसतो. खुद्द कृष्णाला तो तोंडावर चार शब्द सुनावतो आणि कृष्ण ते ऐकून घेतो. पेंद्याची थट्टा चालते, कारण पेंद्याला कृष्णाची थट्टा करता येते.

शिक्षक बंधू-भगिनींनो, आता थोडे आपल्याविषयी. पोरांची थट्टा परतफेडीची असते, आपली नसते. गुरुजींनी मैदानावर किंवा वर्गात 'काय रे, सहा महिने कुठं होतास, कारखाना काढलास का?' असे म्हटले, वर्ग हसला, तर त्या पोराने काय उत्तर द्यायचे? त्याच तोडीचे उत्तर दिले तर तो उद्धट ठरतो. न दिले तर बोल लागून राहतो. आणि बाकीच्या पोरांना कळते की या विषयावर हसायला हरकत नाही. मी स्वतः हे केले आहे, म्हणून सांगतो. वाक्य साधे होते, हेतू चांगला होता, मुलगा हसलाही. पुढच्या आठवड्यापासून तो शेवटच्या बाकावर गेला आणि जूनमध्ये शाळेतच आला नाही. त्याला कारणे अनेक असतील. माझे वाक्य त्यांत किती होते, ते मला कधीच कळणार नाही.

त्या दिवसापासून मी मैदानावर एकच विनोद करतो आणि तो माझ्या स्वतःच्या किकवर. आमची किक चेंडूला कमी आणि मातीला जास्त लागते. पोरे म्हणतात, 'गुरुजी, नांगरट झाली, आता पेरणी कव्हा?' हे ऐकून घ्यायला सुरुवातीला थोडे जड गेले. पण एक झाले. वाक्य तोलून टाकायचे कसे, हे पोरे माझ्यावरच शिकली.

आणि हो, कुणी कोयत्यावर, कोपीवर, आई-बापांच्या कामावर गेला, तर सगळ्यांसमोर त्याला झाडू नये. झाडले तर तो विषय आणखी मोठा होतो आणि ज्याला लागले त्याच्याकडेच सगळे पाहतात. खेळ थांबवून बोलणाऱ्यालाच गोलात उभे करावे आणि फडावरून आलेल्याला पुढे खेळू द्यावे. दोन-चार चेंडू पायांमधून गेले की बाकीचे काम पोरे करतात. बाजूला घेऊन जे सांगायचे ते संध्याकाळी, घरी जाताना, दोघांतच.

तो मैदानाच्या कडेला उभा असलेला पोरगा अजून तिथेच आहे. फडावरून कालच आला आहे. चेंडू त्याच्या पायाशी येऊन थांबतो आणि गोलाकडून कुणी तरी हाक मारतो.

'काय पाहुणं, किती दिसाचा मुक्काम?'

'दसऱ्यापत्तर.'

'मंग कडंला का हुबं? या आत. आन् येताना दार लावून घ्या.'